स्लीप मोडची झोपमोड

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांतच लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, एक धडधडीत खोटं बोलतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कंपनीने काही कोष्टकं आणि छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवलेले असतात. कोणता भाग कुठे जोडलाय, बॅटरी किती उरली हे कुणाला विचारायचं, झाकण मिटल्यावर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. हे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमने चालवायचे, आणि चालता चालता ते तिलाच विचारतात, ‘तू विंडोज २०१५ आहेस का?’ म्हणजे विंडोज १०. लिनक्स बिनदिक्कत ‘हो’ म्हणतं. ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला मात्र ते ‘नाही’ म्हणतं.

ही लबाडी नाइलाजाने आलेली आहे. या कोष्टकांची पद्धत एसीपीआय या नावाने १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ठरवून दिली. कागदावर ती कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमसाठी खुली आहे. प्रत्यक्षात कंपनी लॅपटॉप तपासते तो विंडोज घालून. विंडोज सुरळीत चालली की माल बाजारात. त्यामुळे ‘लिनक्स असेल तर हे कर’ असं कोष्टकात कुठे लिहिलेलं असलं, तरी ती वाट सहसा कुणी चालून पाहिलेली नसते. खरं बोलून काट्याकुट्यात शिरण्यापेक्षा खोटं बोलून मळलेल्या वाटेने गेलेलं बरं, असं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांनी ठरवलं.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे कर्नेल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत तर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. मग एका महागड्या लॅपटॉपचा कॅमेरा चालवताना त्याला घाम का फुटावा? कारण सोपं आहे. सर्व्हर विकत घेणारी गिऱ्हाइकं लिनक्सच मागतात, म्हणून सर्व्हरच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या त्या चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतः लिहून देतात. लॅपटॉपच्या दुकानात लिनक्स मागणारा गिऱ्हाईक म्हणजे एखादा माझ्यासारखा.

माझा लॅपटॉप एका नामांकित ब्रँडचा, वरच्या किमतीतला. नाव राहू दे. धातूची बॉडी, कागदासारखा पातळ, दुकानात हात फिरवला तरी जीव हरखेल असा. गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीकडे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप आहे, जाडजूड, कोपरे झिजलेला. तिने त्यात लिनक्स घातलं आणि वायफायपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं पहिल्याच दिवशी चालू. ‘मामा, तुझा दिसतो, माझा चालतो,’ असं ती मला ऐकवते, आणि ऐकून घेण्याखेरीज इलाज नसतो.

सगळ्यात छळलं ते झोपेने. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटलं की एस-थ्री नावाची अवस्था यायची. प्रोसेसर बंद, जवळपास सगळे भाग बंद, फक्त मेमरीला स्मृती टिकण्यापुरती वीज. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर वेगळी कल्पना आली. लॅपटॉपने फोनसारखं वागावं, झाकण मिटलं तरी पुरतं बंद होऊ नये, फक्त सगळ्या भागांनी आपापल्या जागी पेंगावं. पुढे बऱ्याच नव्या मॉडेलांतून एस-थ्री काढूनच टाकण्यात आली, आणि याचा मान आधी मिळाला तो पातळ, महागड्या मॉडेलांना.

या नव्या झोपेत एक मेख आहे. प्रोसेसरची चिप अगदी कमी विजेच्या पातळीला उतरते ती सगळे भाग निजल्यावरच. जत्रेच्या रात्री घरातलं एक पोर जागं राहिलं की अख्खं घर जागं, तसलाच प्रकार. डिस्क, वायफाय, कार्ड रीडर यांपैकी एकाचा ड्रायव्हर जरी आपल्या चिपेला नीट निजवू शकला नाही, तरी लॅपटॉप वरून झोपलेला आणि आतून तापलेला. फोंड्याहून कदंबच्या बसने पणजीला जाताना बॅग मांडीवर घेतली की मे महिन्यात मांडी शेकून निघायची, आणि पणजीत झाकण उघडावं तर बॅटरी तळाला. विंडोजवाल्यांच्याही अशाच तक्रारी असतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांच्यासाठी कंपनी अपडेट काढते.

पणजीच्या सर्व्हिस सेंटरवरचा मुलगा बोलायला अगदी नम्र होता. ‘सर, लिनक्स आमच्याकडे सपोर्टमध्ये येत नाही. विंडोज घालून आणा, मग आम्ही चेक करतो.’ त्याला तरी काय बोलणार!

मग शोध घरीच घ्यावा लागला. लिनक्समध्ये मेम-स्लीप नावाची एका ओळीची फाइल असते. भाचीच्या लॅपटॉपवर तिच्यात दोन शब्द दिसतात, एस-टू-आयडल आणि डीप. डीप म्हणजे जुनी गाढ झोप. माझ्या लॅपटॉपवर पहिला शब्द तेवढा होता. याशिवाय इंटेलच्या चिपेत एक मोजणी चालू असते. आपण त्या खालच्या पातळीवर एकूण किती मायक्रोसेकंद होतो, हे चिप स्वतः टिपून ठेवते. रात्रभर झाकण मिटून सकाळी तो आकडा पाहिला, तर शून्य. रात्रभरात सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा धड झोप नाही! एकेक भाग बंद करून पाहिल्यावर चोर सापडला, एसडी कार्डचा रीडर. तो मी कधी वापरलेलाही नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या चिपच्या सेटिंगमध्ये, जाऊन तो बंद केला आणि दुसऱ्या दिवशी आकडा भराभर चढलेला.

हायबरनेटचा मार्गही असतो. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून लॅपटॉप खराखुरा बंद करतात. पण सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर अनेक लिनक्स वितरणं, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या, सुरक्षेच्या कारणाने हायबरनेट करूच देत नाहीत. आगीतून निघून फुफाट्यात, म्हणा.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर त्यातलं विज्ञान जास्त रंजक आहे. जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असायचा. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाचं सामायिक मानक आहे, त्यामुळे एकच ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. अशा कॅमेऱ्यात एक छोटी चिप चित्र तयार करून पाठवते. काही पातळ लॅपटॉपमध्ये ही चिप गाळली जाते आणि सेन्सर फोनसारखा थेट प्रोसेसरला जोडतात. आता प्रोसेसरकडे येतो तो कच्चा माल. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते, आणि माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या आसपासचा उजेड जास्त जाणवतो म्हणून निम्मे ठिपके हिरवे असतात. शेजारच्या ठिपक्यांवरून उरलेले दोन रंग अंदाजाने भरायचे, पांढऱ्याला पांढरं दाखवायचं, अंधारातली खरखर काढायची, ही सगळी कामं मग सॉफ्टवेअरच्या गळ्यात. ती नीट व्हायची तर त्या नेमक्या सेन्सरची आणि भिंगाची मोजमापं लागतात, आणि ती कंपन्यांच्या कुलपात. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या आयपीयू-६ या चित्र हाताळणाऱ्या भागासाठी सेन्सरकडून माहिती घेणारा ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नेलच्या ६.१० आवृत्तीत आला. चित्राचा उरलेला संस्कार लिबकॅमेरा नावाचा मुक्त प्रकल्प प्रोसेसरकडून करून घेतो. तो होईपर्यंत मी ऑनलाइन मीटिंगमध्ये हिरवट भुतासारखा दिसत होतो. शेवटी फोंड्याच्या बाजारातून एक साधा यूएसबी वेबकॅम आणला. लावल्याबरोबर चालला, कारण तो यूव्हीसीवाला.

बॅटरीचा मुद्दा गोव्यात जास्त बोचतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं या दोन्ही गोष्टी बाधतात, तिचं वय लवकर सरतं. म्हणून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय हवी. कित्येक ऑफिस-मॉडेलांवर लिनक्समध्ये एका फाइलीत ८० लिहिलं की काम झालं. काही ब्रँडांनी मात्र ही सोय फक्त आपल्या विंडोजच्या ॲपमागे दडवलेली असते.

सगळे उत्पादक एका माळेचे मणी नाहीत. डेलने २०१२ मध्ये एक्सपीएस या लॅपटॉपची उबुंटू हे लिनक्स वितरण घातलेली आवृत्ती काढली, आणि लेनोव्होने २०२० मध्ये काही थिंकपॅड लॅपटॉप लिनक्स घालून विकायला काढले. अशा ठिकाणी त्या मॉडेलचा एक तरी इंजिनिअर लिनक्स घालून बसलेला असतो, फरक पडतो तो तिथे. बाकीच्यांच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नये, वर्षभर थांबावं. तोवर कुणीतरी कपाळ आपटून घेतलेलं असतं. आणि दुकानदार तयार असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून तिथेच झाकण मिटून, उघडून पाहावं. पणजीतला एक दुकानदार माझ्या हातातला पेनड्राइव्ह पाहून म्हणाला, ‘व्हायरस नाही ना यात?’ पण करू दिलं.

स्पीकरचं कोडं तेवढं सुटलं. माझ्या लॅपटॉपमध्ये चार स्पीकर आहेत, दोन बारीक आवाजाचे, दोन खर्जाचे. खर्जाचे दोन जोडलेलेच आहेत, हे बायोसच्या कोष्टकात नीट लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे लिनक्सला ते ठाऊकच नव्हते. अभंग लावला की टाळ खणखणीत आणि पखवाज गायब. कर्नेलमध्ये अशा चुका झाकण्यासाठी एक लांबलचक यादीच आहे, प्रत्येक मॉडेलचा क्रमांक आणि पुढे त्याच्यासाठी करायची तडजोड. मी दोघाचौघांच्या मदतीने माझ्या मॉडेलचा क्रमांक शोधून पाठवला. एका ओळीची भर पडली आणि नंतरच्या आवृत्तीत पखवाज वाजू लागला. बोटाच्या ठशाचा सेन्सर अजून तसाच आहे. त्याच्याशी कसं बोलायचं हे बनवणाऱ्याने कुठे जाहीर केलेलं नाही, त्यामुळे पासवर्ड टाइप करतोय.