प्रकाशापेक्षा फास्ट गाडीला नाव काय द्यायचं?

१ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती, सुरू झाली तेव्हा गाड्या दोनच प्रकारच्या होत्या. फास्ट ती हिकारी, म्हणजे प्रकाश. प्रत्येक स्टेशन घेत जाणारी ती कोदामा, म्हणजे प्रतिध्वनी. प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो, आवाज हवेत जेमतेम ३४० मीटर, त्यामुळे फिजिक्सच्या हिशोबाने नावं एकदम फिट्ट बसतात. कोदामा हे नाव त्याच्याही आधीचं, १९५८ मधल्या टोकियो-ओसाका एक्सप्रेसचं. त्या गाडीने एका दिवसात जाऊन परत येता यायचं, डोंगरात मारलेली हाक परत येते ना, अगदी तसं! आणि मुळात या शब्दाचा अर्थ झाडातला आत्मा, हाकेला ओ देतो तो झाडातलाच कुणीतरी अशी जुनी समजूत.

गोची झाली १९९२ मध्ये. हिकारीपेक्षाही फास्ट गाडी आली, आता प्रकाशापेक्षा फास्ट काय असतं? नाव ठरवणाऱ्या समितीत सावाको आगावा होत्या, त्यांचे वडील कादंबरीकार आणि रेल्वेचे पक्के शौकीन. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं की आपल्या गाड्यांची नावं अस्सल जपानी शब्दांतली असतात. चर्चेत 'किबो' म्हणजे आशा असं नाव होतं, पण तो उच्चार चिनीवरून आलेला, आपल्याकडे पाणी असताना जल म्हणावं तसा. त्याचंच घरगुती जपानी रूप नोझोमी, आणि तेच फायनल झालं.

आता गंमत बघा, नोझोमी, हिकारी, साकुरा ही सगळी मुलींचीही नावं आहेत. फरक लिहिण्यात आहे. गाडीचं नाव हिरागाना लिपीत लिहितात, तिच्यात आपल्या देवनागरीसारखा फक्त उच्चार असतो. माणसांची नावं मात्र बहुतेक कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, आणि तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ. युकी नाव नुसतं ऐकून काहीच कळत नाही, एका अक्षराने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने लिहिलं तर सुख, आणि दोन-तीन अक्षरं जोडून लिहिण्याचे प्रकार तर विचारूच नका. म्हणून नवीन ओळख झाली की 'कुठली कांजी?' हा प्रश्न तिकडे अगदी नॉर्मल. इचिरो, जिरो, साबुरो ही पहिला, दुसरा, तिसरा मुलगा अशी नंबरवाली जुनी नावं त्यामानाने सरळ.

पण हवं ते अक्षर घेता येत नाही बरं का. नेहमीच्या वापरातली २,१३६ आणि खास नावांसाठीची ८६३, एवढ्यातूनच निवडायचं. १९९३ मध्ये टोकियोजवळच्या आकिशिमात एका बापाने मुलाचं नाव चक्क आकुमा, म्हणजे सैतान, ठेवायचं म्हटलं. दोन्ही अक्षरं यादीतली होती, तरी नगरपालिका अडून बसली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी घरच्यांनी दुसरं नाव ठेवलं.

अक्षरांवर एवढं लक्ष, पण उच्चार? तो सरकारी कुटुंब-नोंदवहीत नव्हताच! २६ मे २०२५ पासून उच्चारही नोंदवायचा असा नवा नियम लागू झाला आणि मग 'तुमच्या नावाचा उच्चार असाच ना?' हे तपासायला लोकांना घरी पत्रं जायला लागली.