हळू करायचंय की उतरवायचंय?

गाण्याच्या शिकवणीचे व्हिडिओ करणाऱ्यांना कापणं-जोडणं, खाली स्वरलिपीची पट्टी टाकणं आता छान जमतं. घोळ होतो तो तान संथ करून दाखवताना. स्पीड 75 टक्के केला, ग्रुपवर टाकला, झालं. मला त्यावर एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "सर, घसा बसलाय का?" घसा ठणठणीत होता, व्हिडिओ बसला होता.

एडिटरमध्ये वेग कमी करण्याच्या दोन तऱ्हा एकाच खिडकीत असतात, म्हणून त्या एकच वाटतात. पहिली जुन्या टेपरेकॉर्डरची. फीत सावकाश फिरली की दर सेकंदाची कंपनंही घटतात आणि स्वर उतरतो. वेग निम्मा केला की षड्ज, म्हणजे सा, थेट मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात. पाऊणपट केला की मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या प वर, कारण त्या पंचमाची कंपनं मध्य षड्जाच्या पाऊणपटच असतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून, गायलेली तान खालच्या काळी चारमध्ये ऐकू येते. खरी मेख पुढेच आहे. विद्यार्थ्याने काळी एकचा तानपुरा लावलेला असतो, त्यात पंचम वाजतच असतो, त्यामुळे हा घसरलेला षड्ज बेसूर वाटतच नाही! नवशिका निमूट चुकीच्या सा वरून पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोटतो. 80 टक्के केलं असतं तर षड्ज मंद्र कोमल धैवताच्या आसपास पडला असता आणि चूक लगेच कानाला टोचली असती.

दुसऱ्या तऱ्हेत फक्त काळ ताणला जातो, स्वर जागचा हलत नाही. त्यासाठी प्रीमियरमध्ये ‘मेन्टेन ऑडिओ पिच’वर, डाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘पिच करेक्शन’वर टिक हवी. यूट्यूब 0.75 वर हे न सांगता करतो, म्हणून सगळीकडे तसंच होत असेल असं लोक धरून चालतात. फुकट मात्र काही नाही. फार ताणलं की तबल्याचा ‘ना’ फाटतो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, पाण्याखालून आल्यासारखी वाटते. 70 टक्क्यांच्या खाली मी जातच नाही. तान पुन्हा संथ गाऊन घेतो. आळशीपणाला सॉफ्टवेअर हा उपाय नव्हे.

उलटी चूकही तितकीच चीड आणते. मुलींसाठी पट्टी चढवायची म्हणून वेगच वाढवतात! काळी एकवरून वरच्या काळी चारवर जायला वेग दीडपट लागतो; मिनिटाला 80 मात्रांच्या लयीतला त्रिताल 120वर पळतो. तिथे स्पीडला हात लावायचा नाही, पिच सात अर्धस्वर वर न्यायचा. एवढ्या चढीला आवाज चिरका होतोच. त्यापेक्षा एखाद्या विद्यार्थिनीकडून गाऊन घेतलेलं बरं.

मी प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला पेटीचा सा दोन सेकंद धरून ठेवतो. फाइल तयार झाली की फोनवर तानपुरा लावून आधी तेवढाच ऐकतो.