हर-टू तपासणी: ब्लॉक आणण्याआधी एवढं वाचा

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की डॉक्टर चिठ्ठीवर ‘ईआर, पीआर, हर-टू’ लिहून देतात; या गाठीच्या तुकड्यावर करायच्या तीन तपासण्या. त्यासाठी तुकडा मेणात बसवतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात. आमच्या लॅबच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारणा होते ती हर-टूची.

हर-टू हा पेशीच्या आवरणात रोवलेला रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन आहे. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. वाढीचा निरोप आत पोचवणं हे त्याचं काम, आणि निरोगी पेशींवरही तो थोडा असतोच. त्याच्या भावंडांना, म्हणजे त्याच्यासारख्याच इतर रिसेप्टरना, जागं करायला बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटावा लागतो. हर-टूसाठी तसा रेणू आजवर सापडलेला नाही; तो शेजारच्या रिसेप्टरशी जोडी जमवून निरोप द्यायला कायम तयार असतो. म्हणून त्याची गर्दी झाली की पेशी वाढतच सुटते.

गर्दी होते जनुकामुळे. १७व्या गुणसूत्रावरच्या ईआरबीबी-टू या जनुकाच्या एरवी दोन प्रती असतात. शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत त्या कितीतरी वाढलेल्या आढळतात. “मग मुलीचीही हर-टू करायची का?” असं आया काळजीने विचारतात. नाही. ही वाढ गाठीतच झालेली असते, ती मुलीकडे जात नाही. आनुवंशिक धोक्यासाठी ब्रॅका जनुकांची वेगळी तपासणी असते. तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

गाठीच्या पेशींवर हर-टू किती दिसतो त्यानुसार रिपोर्टवर ०, १+, २+ किंवा ३+ असं येतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. हा शब्द वाचून बरेच जण खचतात. पण याच रिसेप्टरला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं, आता त्याची बायोसिमिलर (म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती) औषधं भारतातही बनतात. पॉझिटिव्ह असेल तरच ते उपयोगी पडतं. (हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात.) २+ म्हणजे निकाल अर्धवट, मग फिश तपासणीने जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. ०, १+ हे निगेटिव्ह, तरी तो आकडाही जपून ठेवा: काही नवी औषधं १+ वरही दिली जातात.

आता आमची कळकळीची विनंती. काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. सलाईनमध्ये आणलेल्या तुकड्याचा निकाल खात्रीने देता येत नाही. ऑपरेशनआधीच हे विचारून घ्या.

फिशही त्याच ब्लॉकवर होते, तेव्हा ब्लॉक परत नेल्यावर सांभाळा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.