जठराम्ल ओलांडणारे जिवाणू

पुरेशा संख्येने पोटात गेल्यास आरोग्याला हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. हे सूक्ष्मजीव आतड्यापर्यंत जिवंत पोहोचवणे मात्र फार कठीण असते. उपाशीपोटी जठरातील सामू साधारण १.५ ते ३ असतो आणि बिफिडोबॅक्टेरियम या प्रोबायोटिक जिवाणूचे अनेक वाण इतक्या तीव्र आम्लात तग धरू शकत नाहीत. त्यातून वाचलेल्या जिवाणूंना लहान आतड्याच्या सुरुवातीलाच पित्तक्षारांना तोंड द्यावे लागते, आणि हे क्षार त्यांच्या पेशीपटलातील मेद विरघळवू लागतात.

यावर उपाय म्हणून जिवाणूंना सूक्ष्म आवरणात बंदिस्त केले जाते. त्यासाठी तपकिरी सागरी शैवालापासून मिळणारे अल्जिनेट विशेष वापरात आहे. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून ते मिश्रण बारीक सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले, की प्रत्येक थेंब पडताक्षणी बाहेरून घट्ट होऊन त्याचा जेलसारखा मणी बनू लागतो; कारण कॅल्शियमचे आयन शेजारशेजारच्या अल्जिनेट साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. या कृतीत उष्णता लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. फवारा-शुष्कनाची, म्हणजे मिश्रण गरम हवेत फवारून वाळवण्याची, पद्धत स्वस्त आणि वेगवान असली, तरी तिच्यातील गरम हवेने आणि निर्जलीकरणाने बरेच जिवाणू आधीच दगावतात.

अल्जिनेटचे खरे कौतुक वाटते ते पुढच्या टप्प्यावर. आम्लात त्याचे जाळे आकसते आणि मणी मिटलेला राहतो. आतड्यात सामू ६ ते ७ च्या आसपास येतो, तेथील फॉस्फेट आणि सोडियम यांमुळे कॅल्शियमचे बंध सुटत जातात, मणी फुगतो, विरघळतो आणि जिवाणू मोकळे होतात. नेमक्या जागी उघडण्याचे काम असे पदार्थाच्या स्वभावातच आहे.

तरीही हे कवच अभेद्य नाही. जेलच्या छिद्रांतून हायड्रोजनचे आयन सहज आत शिरतात, म्हणून मण्याचा आकार निर्णायक ठरतो. मणी मोठा असेल तर आम्लाला गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, पण साधारण १०० मायक्रोमीटरपेक्षा मोठे मणी खाताना जिभेला रवाळ लागू शकतात. फार लहान केले तर संरक्षण नावापुरतेच उरते. यातून मार्ग काढण्यासाठी मण्यावर कायटोसानचा, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा, थर देतात. कायटोसानवर धन भार आणि अल्जिनेटवर ऋण भार असल्याने तो पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि छिद्रे अरुंद होतात.

कवचाची चाचणी बहुधा प्रयोगशाळेतील कृत्रिम पाचकरसांत घेतली जाते. इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या प्रमाणित पद्धतीत जठराचा टप्पा सामू ३ वर दोन तासांचा असतो. प्रत्यक्षात जेवणानंतर जठरातील आम्ल काही काळ सौम्य होते आणि अन्न तेथे किती वेळ राहील हे व्यक्तीगणिक बदलते. म्हणून परीक्षानळीतील यश हे माझ्या मते पहिल्या पायरीइतकेच मानावे. शिवाय कवच जिवाणूला फक्त मुक्कामी पोहोचवते. त्या वाणाचा उपयोग होतो की नाही, हे माणसांवरील स्वतंत्र चाचण्यांतूनच सिद्ध व्हावे लागते.