हिशेबातून चित्रात : जलचक्राचा धडा शाळेत कसा आला

प्राथमिक शाळेतल्या कोणत्याही मुलाला जलचक्राची आकृती काढायला सांगा. कागदाच्या एका कडेला निळा समुद्र, दुसऱ्या कडेला दोन-तीन टोकदार डोंगर, कोपऱ्यात सूर्य, मधोमध गुबगुबीत ढग. समुद्रातून वर जाणारे वळणदार बाण, ढगातून उतरणाऱ्या तिरप्या रेघा आणि डोंगरातून निघून पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. बाणांवर बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य अशी नावं लिहिली की आकृतीचे मार्क पदरात पडले.

हे चित्र एका जुन्या वादाचं उत्तर आहे, हे मात्र शिकवणाऱ्यांच्याही ध्यानात राहत नाही. वाद असा होता : नदीला पाणी येतं कुठून? पाऊस पडतो कधीमधी, नदी वाहते रोज. मोठमोठ्या नद्या अहोरात्र समुद्राला मिळतात, तरी समुद्र भरून वाहत नाही. एवढं सगळं पाणी निव्वळ पावसाचं असेल, यावर युरोपातल्या बहुतेक विद्वानांचा जवळजवळ दोन हजार वर्षं विश्वास बसत नव्हता.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ऊन, वाफ, गारवा आणि पाऊस ही साखळी बऱ्यापैकी बरोबर मांडली होती. पण नद्यांपाशी येऊन तोही अडला. पृथ्वीच्या पोटातल्या थंड पोकळ्यांत हवेचं रूपांतर पाण्यात होतं आणि तेही नद्यांना मिळतं, अशी पुरवणी त्याला जोडावी लागली. पुढे १६६० च्या दशकात अथानासियस किर्चर या जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातल्या) पंडिताने एक जाडजूड सचित्र ग्रंथ काढला. त्यात समुद्राचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून डोंगरांच्या पोटात चढतं आणि तिथून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. तेही चक्रच होतं, फक्त बाण जमिनीखालून जात होते. त्याआधी १५८० मध्ये बेर्नार पालिसी या फ्रेंच कुंभाराने झऱ्यांचं पाणी पावसाचंच असतं, असं ठणकावून लिहिलं होतं. लॅटिनचा गंध नसलेल्या कारागिराचं ऐकतो कोण?

निकाल लागला तो आकडेमोडीने. ती करणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, वसुली खात्यातला होता. पिअर पेरॉ पॅरिसला राजाच्या महसुलाचा अधिकारी होता. सरकारी रकमेतून स्वतःची देणी भागवल्याचा ठपका येऊन १६६४ मध्ये त्याची नोकरी गेली. (सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरॉ त्याचा धाकटा भाऊ.) रिकाम्या झालेल्या या हिशेबनीसाने सेन नदीचा उगमाजवळचा एक तुकडा निवडला. तिथल्या पाणलोटाची लांबी-रुंदी धरली, तीन वर्षांच्या पावसाची सरासरी काढली आणि वर्षभरात नदीतून किती पाणी वाहून जातं, याचा अंदाज बांधला. पाऊस भरला वर्षाला सुमारे ५२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यात पडतो त्याच्या आसपासच. आणि नदीत वाहून गेलेलं पाणी त्या पावसाच्या जेमतेम एक षष्ठांश! पाऊस पुरतो का, हा प्रश्नच निकालात निघाला. आता उरलेले पाच भाग जातात कुठे, ते शोधायचं होतं.

पेरॉचं पुस्तक १६७४ मध्ये निनावी छापलं गेलं. तीनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, युनेस्कोने आधुनिक जलविज्ञानाची त्रिशताब्दी साजरी केली ती हेच साल धरून. गंमत अशी की पावसाचं पाणी जमिनीत खोलवर मुरतं, हे खुद्द पेरॉला पटलेलं नव्हतं. जमा-खर्च बरोबर, पण एक खातं चुकीच्या नावावर. ते पुढे एद्म मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुरुस्त केलं.

उरली वर जाणारी वाट. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६८७ च्या सुमारास खाऱ्या पाण्याचं एक पसरट भांडं तराजूला टांगलं, पाणी उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट ठेवलं आणि दोन तासांत वजन किती घटतं ते पाहिलं. त्यावरून त्याने अख्ख्या भूमध्य समुद्राचा हिशेब मांडला : दिवसाला ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जातं, आणि मोठ्या नऊ नद्या मिळून आणतात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. आजच्या मोजणीने हे आकडे ढोबळ ठरतील. पण समुद्र भरून का वाहत नाही, याचं कोडं एका भांड्याने सुटलं. पुढे जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्सपुरता पाऊस, नद्या आणि बाष्पीभवन यांचा ताळमेळ घातला आणि एकोणिसावं शतक उजाडता उजाडता वाद संपला.

इथे कुणीतरी म्हणणारच, आपल्याकडे हे सगळं आधीच माहीत होतं. काय होतं आणि काय नव्हतं, ते नीट पाहावं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘समानमेतदुदकमुच्चैत्यव चाहभिः’ अशी ऋचा आहे : तेच पाणी दिवसागणिक वर जातं आणि खाली येतं. कालिदास रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा देतो. सहस्रपटीने परत द्यायचं म्हणूनच सूर्य रस शोषून घेतो. म्हणजे ही कल्पना वाचकांच्या अंगवळणी पडलेली असणार, एरवी उपमा लागू पडली नसती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार पावसाची मापं आहेत, आणि अपरान्तासाठी, म्हणजे आपल्या कोकणासाठी, आकडा न देता ‘अमित’ म्हटलं आहे. जूनमध्ये सावंतवाडीला राहिलेल्या माणसाला हे सहज पटेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत माणसाच्या अंगातल्या शिरांप्रमाणे जमिनीतही वर-खाली पाण्याच्या शिरा असतात, असं येतं. कल्पना होती, पर्जन्यमापनही होतं. पडलेला पाऊस आणि वाहिलेली नदी यांची एका कागदावर बेरीज-वजाबाकी मात्र या ग्रंथांत दिसत नाही.

वाद संपल्यावरच विषय शाळेत शिरला. १८७१ च्या नाताळात भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे बर्फ, पाणी, वाफ आणि हवा यांवर व्याख्यानं दिली. त्यांतून आलेल्या पुस्तकात ते नदीच्या काठाने उलटे चालत जातात : नदीकडून झऱ्याकडे, झऱ्याकडून पावसाकडे, पावसाकडून ढगाकडे, ढगाकडून समुद्राकडे. जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी हीच दिशा धरली. भूगोलाची पुस्तकं पृथ्वीच्या आकाराच्या व्याख्येपासून सुरू होतात, याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. १८७७ च्या त्यांच्या पुस्तकात पहिला धडा आहे लंडन ब्रिजवरून दिसणाऱ्या थेम्सचा. मग झरे, मग पाऊस आणि दव, मग बर्फ, आणि बाष्पीभवन थेट पाचव्या प्रकरणात. आपल्या आकृतीत जे पहिलं येतं, ते हक्सलींनी मुलांना प्रश्न पडेपर्यंत राखून ठेवलं होतं. माझ्या मते जलचक्र शिकवण्याची याहून शहाणी मांडणी अजून झालेली नाही.

पण टिकली ती दुसरीच मांडणी. १८७९ मध्ये अराबेला बकली यांनी मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात एक प्रकरण पाण्याच्या थेंबाच्या प्रवासाचं होतं. थेंबाला नायक करण्याची ही युक्ती मुलांना आवडते, शिक्षकांनाही सोयीची. मराठी शाळांत ‘मी पाण्याचा थेंब बोलतोय’ हे आत्मवृत्त कितीदा लिहून घेतलं गेलं असेल, याची गणतीच नाही. गोष्ट म्हणून ती छान आहे. अडचण एवढीच की थेंब प्रत्येक वेळी फेरी पूर्ण करून सुखरूप घरी पोचतो. विहिरीत शंभर वर्षं अडकलेला किंवा उसाच्या कांडीतून साखर कारखान्यात गेलेला थेंब निबंधात सहसा भेटत नाही.

चित्राला शास्त्रीय शिक्का मिळाला विसाव्या शतकात. १९३१ मध्ये अमेरिकी अभियंता रॉबर्ट हॉर्टन यांनी जलविज्ञान हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे ठसवण्यासाठी लिहिलेल्या निबंधात जलचक्राची आकृती मध्यवर्ती ठेवली. त्यानंतर ती सरकारी अहवालांत, भित्तिपत्रकांवर आणि पाठ्यपुस्तकांत पसरली. आपल्याकडे २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकसारखी पुस्तकं जाऊ लागली. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक वर्गांसाठी परिसर अभ्यासाची कल्पना पुढे आणली, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. जलचक्र कधी भूगोलात, कधी सामान्य विज्ञानात, कधी परिसर अभ्यासात फिरत राहिलं. आकृती फारशी बदलली नाही.

मुलांच्या डोक्यात नेमकं काय शिरतं, हे पाहायला संशोधक निघाले ते १९८० च्या दशकात. न्यूझीलंडमध्ये ऑसबर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी मुलांसमोर किटली उकळली आणि बुडबुड्यांत काय आहे, असं विचारलं. हवा, उष्णता, ऑक्सिजन अशी उत्तरं आली. गार बरणीच्या बाहेर जमलेलं पाणी काचेतून झिरपलं, असंही काही मुलांनी सांगितलं. हे उत्तर आपल्याकडेही ऐकायला मिळतं. वर्गात बर्फाचा पेला ठेवा, एखादं पोर बोटाने पेला पुसून खात्रीने सांगतं, ‘बाई, आतलं पाणी बाहेर आलंय.’ त्यावर ‘सांद्रीभवन’ हा शब्द फळ्यावर लिहून काहीही साधत नाही. पेल्यातल्या पाण्यात लाल रंग टाकला आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने टिपले, तर साधतं.

२००५ मध्ये इस्रायलच्या ओरित बेन-झ्वी असाराफ आणि नीर ओरिऑन यांनी माध्यमिकच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की आकाशातले बाण मुलांना येतात, जमिनीखालचा भाग येत नाही. भूजल म्हणजे खाली साठलेलं एखादं तळं, अशी अनेकांची समजूत होती. किर्चरच्या ग्रंथातल्या पोकळ्या पुन्हा अवतरल्या म्हणायच्या. आणि मुलांनाच का हसावं? महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्यात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात. तरी बोअर घ्यायची वेळ आली की नारळ तळहातावर धरून फिरणारा पाणाड्या येतो, ‘इथं मोठा झरा हाय’ म्हणतो, आणि घरातली शिकलेली माणसंही मान डोलावतात. सगळ्यांनी जलचक्र शाळेत काढलेलं असतं.

आकृतीवर उघड टीका झाली ती अलीकडे. २०१९ मध्ये एका संशोधक गटाने ४६४ आकृत्या तपासल्या. त्यांतल्या फक्त १५ टक्के आकृत्यांत माणूस पाण्याचं काही करताना दिसत होता. धरण नाही, कालवा नाही, उपसा नाही. त्यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने आपली जुनी, जगभर वापरली जाणारी आकृती बदलली आणि तीत शेती, शहरं, धरणं आणली.

आपल्या मुलांपुरता आणखी एक घोटाळा आहे. आकृतीत नदी ज्या समुद्रातून पाणी उडालं त्यालाच मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर. पाऊस आणणारे ढग येतात त्याच बाजूने. आणि नदी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेचंही तेच. त्याच सह्याद्रीमुळे महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हे डोंगर-समुद्राच्या चित्रात मावत नाही, नकाशा हातात घ्यावा लागतो.

हिशेब मात्र काही ठिकाणी परत आला आहे, शाळेतून नाही, गावातून. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार सरपंच असताना पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पडली. पाऊस किती झाला, मुरला किती, वाहून गेला किती, हे पाहून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग पिकं ठरवायची. कमी पावसाच्या साली जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना ग्रामसभा नाही म्हणते. पेरॉने सेनच्या काठी केलं, त्याच जातीचं हे गणित आहे.

आणि ते पाचवीच्या मुलांच्या आवाक्यातलं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असेल तर १६० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ८०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे आठ टँकर. छपरावरून थोडं वाफ होऊन जाईल, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं लागेल, तेवढी वजावट मुलांनाच करू द्यावी. बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, मोजपट्टी आणि वही एवढंच सामान लागतं. जूनमध्ये सुरुवात केली तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आकडे हातात येतात, आणि बाणांवर नावं लिहायची ती त्यानंतर.