२०० टेराबाइटची तबकडी आणि तिचा खर्च उचलणारं गिऱ्हाईक

फेब्रुवारी २०२४मध्ये शांघायच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एका तबकडीची माहिती प्रसिद्ध केली. आकार डीव्हीडीएवढाच, क्षमता मात्र १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टेराबाइट. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २०२५मध्ये, सोनीने राइट करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. पॅनासॉनिक त्याआधीच त्यातून बाहेर पडली होती. प्रयोगशाळेत तबकडी फुगत चालली आहे आणि कारखान्यात ती गुंडाळली जाते आहे. हे कोडं सोडवायचं तर सीडीपासून सुरुवात करावी लागते.

१९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी सीडी बाजारात आणली ती गाण्यांसाठी. संगणकाचा डेटा तिच्यावर नंतर चढला. १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीत आतून बाहेर जाणारा एकच वळसेदार माग असतो; उलगडून सरळ केला तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. मागाच्या दोन वळशांमध्ये अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मागावर सूक्ष्म खळगे. खळगा म्हणजे एक आणि सपाट भाग म्हणजे शून्य, असं शाळेत सांगतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. खळग्याची कड आली की एक; कड नसेल तितका वेळ शून्यच शून्य, मग लेझर खळग्यावर असो की सपाटीवर.

खळगे किती लहान करता येतील, हे त्यांच्यावर पडणारा प्रकाशाचा ठिपका ठरवतो. भिंग कितीही उत्तम घडवलं तरी प्रकाश एका मर्यादेपलीकडे एकवटत नाही, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्येच दाखवून दिलं होतं. ठिपका बारीक करायचे मार्ग दोनच: प्रकाशाची तरंगलांबी कमी करा, नाहीतर भिंगाचं न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचं माप, वाढवा. ऑप्टिकल डिस्कचा पुढचा सगळा प्रवास याच दोन आकड्यांचा आहे. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर आणि ०.४५ अपर्चर. १९९६ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि ०.६. ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटर आणि ०.८५.

आता हिशेब करून बघा. डीव्हीडीवरून ब्लू-रेकडे जाताना ठिपक्याचा व्यास सुमारे २.२७ पटीने घटतो, म्हणजे तेवढ्याच जागेत पाचपट ठिपके बसतात. डीव्हीडीच्या एका थराचे ४.७ जीबी गुणिले पाच म्हणजे साधारण २४ जीबी. ब्लू-रेचा एक थर २५ जीबीचा आहे. इतकं चोख गणित तंत्रज्ञानात क्वचित जुळतं. सीडीवरून डीव्हीडीकडे येताना मात्र ठिपक्याने अडीचपटच दिलं आणि क्षमता वाढली जवळजवळ सातपट. उरलेली जागा काटकसरीतून निघाली: माग आणखी दाटीवाटीने बसवला, चुका दुरुस्त करण्याची गणिती पद्धत सुधारली. सीडी तशी सढळ हाताने आखलेली होती.

निळ्या-जांभळ्या लेझरसाठी जगाला बराच काळ थांबावं लागलं. तो ज्यापासून बनतो त्या गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिकच तयार होईनात. १९९०च्या दशकात निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी ते जमवून दाखवलं आणि ब्लू-रेची वाट मोकळी झाली.

मोठ्या अपर्चरची मात्र किंमत मोजावी लागते. भिंग जितकं 'उघडं', तितका तबकडीचा किंचितसा तिरकेपणाही त्याला सोसत नाही. म्हणून डेटाचा थर भिंगाच्या जवळ जवळ सरकत गेला. सीडीत तो १.२ मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडे, म्हणजे लेबलाला खेटून असतो. डीव्हीडीत तो जाडीच्या मधोमध, ब्लू-रेत पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. सीडीची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपायचो आणि लेबलावर बॉलपेनने खुशाल नावं लिहायचो. खरं नाजूक अंग तेच होतं! माझ्या जुन्या सीड्यांपैकी काही उजेडात धरल्या तर लेबलाकडून टाचणीएवढी भोकं दिसतात. तिथला चकाकता थरच निघून गेला आहे. तेवढा डेटा कायमचा गेला.

पण क्षमता वाढली ती केवळ भौतिकशास्त्राच्या जोरावर नाही. दर वेळी तिचा खर्च उचलणारं कुणीतरी होतं. सीडीचा संगीताने उचलला, डीव्हीडीचा सिनेमाने, ब्लू-रेचा एचडी टीव्हीने. ब्लू-रे आणि तोशिबाच्या एचडी डीव्हीडीची लढाई फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाच्या माघारीने संपली, तीही चित्रपट कंपन्या कोणत्या बाजूला गेल्या यावरच. डेटा साठवणारे आपण त्या लग्नातले वऱ्हाडी: पंगत दुसऱ्याची, जेवण आपलं. मग सिनेमा इंटरनेटवरून घरात येऊ लागला आणि यजमानच उठून गेला. २०१०मध्ये १०० आणि १२८ जीबीच्या बीडीएक्सएल, म्हणजे जास्त थरांच्या ब्लू-रे डिस्क आल्या, पण किती जणांनी त्या हातात तरी घेतल्या असतील?

याच सुमाराला होलोग्राफीवरही पाणी पडलं. पृष्ठभागावर खळगे न करता पदार्थाच्या संपूर्ण जाडीत डेटाची पानंच्या पानं एकावर एक नोंदवायची, ही कल्पना देखणी होती. बेल लॅब्जमधून निघालेल्या इनफेज कंपनीने ३०० जीबीच्या डिस्कसाठी वर्षानुवर्षं घाम गाळला आणि शेवटी दिवाळं काढलं. त्यांची डिस्क तयार होईपर्यंत हार्ड डिस्क आणि टेप कुठच्या कुठे गेल्या होत्या.

मग तबकडीने नवा आश्रयदाता शोधला: डेटा सेंटर. क्वचितच उघडला जाणारा, पण फेकताही न येणारा डेटा तिथे ढिगाने असतो. २०१४च्या जानेवारीत फेसबुकने १०,००० ब्लू-रे डिस्कचं, एक पेटाबाइट मावणारं कपाट दाखवलं. मार्चमध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने ३०० जीबीची दुतर्फा आर्काइव्हल (दीर्घकाळ जपणुकीची) डिस्क जाहीर केली. १ टेराबाइटपर्यंत जायचा बेत होता. युक्तिवाद पटण्यासारखा होता. तबकडीला पडून राहायला वीज लागत नाही, चुंबकाची भीती नाही. अडचण आली ती मॅग्नेटिक टेपची. एलटीओ या टेपच्या प्रचलित मानकाच्या नवव्या पिढीचं एक कार्ट्रिज १८ टेराबाइट घेतं, तेही ब्लू-रेच्या कित्येक पट वेगाने.

शांघायची तबकडी आबे यांच्या मर्यादेला बगल देते. एक लेझर ठिपका उमटवतो, तर मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला दुसरा झोत त्याच्या कडा विझवतो. उरतो तो फक्त मधला कण, ५४ नॅनोमीटरपर्यंत बारीक. एका बाजूला असे १०० थर. या युक्तीचं मूळ स्टेफान हेल यांच्या सूक्ष्मदर्शकात आहे. हेल यांना २०१४चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, आणि त्याच वर्षीच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये निळ्या एलईडीसाठी नाकामुरा होते. तबकडीचा भूतकाळ आणि संभाव्य भविष्य एकाच समारंभात!

तरी घोडं वेगाशीच अडतं. ब्लू-रेच्या मूळ वेगाच्या १६ पटीने, सेकंदाला ७२ एमबी धरून, २०० टेराबाइट वाचायला बत्तीस दिवस लागतील. शिवाय यासाठी फेम्टोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय क्षणिक स्पंदांत प्रकाश सोडणारा लेझर लागतो, आणि तो काही शंभर रुपयांच्या डायोडसारखा ड्राइव्हमध्ये बसवता येत नाही.

मायक्रोसॉफ्टने तर तबकडीचा आकारच सोडला. २०१९मध्ये त्यांनी 'सुपरमॅन' हा १९७८चा चित्रपट ७५ मिलिमीटर लांब-रुंद, २ मिलिमीटर जाड अशा क्वार्ट्झ काचेत उतरवला. सगळा मिळून ७५.६ जीबी. इथेही लिहायला फेम्टोसेकंद लेझरच आहे, फक्त तो डेटा सेंटरमध्ये एकदाच बसवायचा. वाचायचं काम कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक करतो. ती काच चौकोनी आहे आणि तबकडीसारखी गरगर फिरत नाही. घरात वाजवायचं काही तिच्यावर कधी येईल, अशी अपेक्षा तिच्या कर्त्यांनीही ठेवलेली नाही.