बॅटरीची स्कूटर विमानात चालते

‘चालता न येणाऱ्यांची ती बॅटरीवरची स्कूटर विमानात घेतच नाहीत, घरी ठेवून जा.’ सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर हे मी किती वर्षं ऐकतोय! या एका वाक्यापायी माणसं लेकीच्या घरी जायचं रद्द करतात, याचं फार वाईट वाटतं.

गैरसमज आला पॉवर बँकेच्या नियमातून. तिला विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप). पण चालता न येणाऱ्यांच्या स्कूटरला आंतरराष्ट्रीय नियम वेगळा आहे: काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असेल, तर ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. दोन असतील तर प्रत्येकी १६०. बॅटरी काढून, टोकं झाकून, पिशवीत घालून स्वतःजवळ केबिनमध्ये न्यायची. स्कूटर सामानात जाते. विमान कंपनीची मंजुरी मात्र आधीच घ्यायची.

आमच्या काकांची स्कूटर उलटी करून पाहिली. सीटखालच्या धुळकट लेबलवर २४ व्होल्ट, १० एएच (अँपिअर-अवर). दोन्हींचा गुणाकार केला, २४० वॉट-अवर. बसली नियमात! त्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो.

व्हीलचेअरची मदत हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवा. अपंग प्रवाशांना ती मोफत असते. कोल्हापूरहून निघा नाहीतर पुण्याहून, स्कूटरचं वजन आणि मापंही तेव्हाच सांगून टाका. लहान विमानाच्या सामानकक्षाचं दार अरुंद असतं.